जयनगरातून समुद्राच्या तळाशी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका जयनगर, बसवनगुडी, बनशंकरी या पट्ट्यात राहणाऱ्या त्या मराठी माणसासाठी आहे, ज्याचा पाण्याशी संबंध आजवर टँकरवाल्याच्या फोन नंबरापुरता होता आणि ज्याला या दिवाळीपासून अचानक स्कुबा डायव्हिंग करायचं आहे. अचानक का, हे विचारणार नाही. ऑफिसातलं कुणीतरी अंदमानला जाऊन आलेलं असतं आणि त्याने डीपी बदललेला असतो. एवढं कारण पुरतं. माणसं याहून किरकोळ कारणांवरून मॅरेथॉन पळाली आहेत.

आधी आपण कुठे राहतो ते बघून घ्या. चौथ्या ब्लॉकातल्या शॉपिंग कॉम्प्लेक्ससमोर उभं राहिलं तर पश्चिमेला मंगळूर आणि पूर्वेला चेन्नई. दोन्हीकडे समुद्र साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. पायाखाली दगड आहे. लालबागेतल्या टेकडीवर सकाळी फिरायला येणारे ज्या खडकावर गुडघे धरून चढतात, तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हाही हीच स्थिती होती. आरमार पुढे शिवाजी महाराजांनी उभारलं ते कोकणात. बंगळुरात उभारावं असं त्या काळात कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

नळाला येणारं कावेरीचं पाणीसुद्धा इथे शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणावं लागतं. मार्च २०२४ च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचं पाणी भरायला बंदी केली होती. दंड पाच हजार रुपये. अशा गावात तुम्ही डायव्हिंगचा क्लास लावणार. लावा. बंगळुरात डायव्हिंग शिकवणारे आहेत आणि त्यांचे वर्ग भरतातही. थिअरी घरी मोबाईलवर, सराव तलावात आणि समुद्र एखाद्या वीकएंडला, अशी विभागणी असते.

पात्रता

पोहता येतं का, या प्रश्नाला ‘लहानपणी यायचं’ हे उत्तर चालत नाही. ‘पाडी’ या अमेरिकन संस्थेचा ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा पहिला कोर्स जगभर चालतो. त्यात २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं, किंवा मास्क, फिन्स, स्नॉर्केल लावून ३०० मीटर. वेळेची अट नाही, पद्धतीची अट नाही. कसेही हात मारा, पलीकडच्या काठाला पोचा. वर दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. हे ऐकायला सोपं आहे. सहाव्या मिनिटाला ज्याला घराचा हप्ता आठवत नाही, तो खरा तरंगला.

हे सगळं नको असेल तर दुसरा रस्ता आहे, आणि मालवणला जाऊन ‘आम्ही स्कुबा केलं’ म्हणून येणारे बहुतेक लोक त्याच रस्त्याने गेलेले असतात. त्यात पोहता येण्याची सक्ती नसते. शिकवणारा तुम्हाला मागून धरतो, थोडं खाली नेतो, माशांमध्ये व्हिडिओ काढतो आणि परत आणून देतो. वाईट काही नाही त्यात. फक्त त्याला डायव्हिंग येणं म्हणू नका, आणि त्या बळावर चौथ्या टी ब्लॉकातल्या काकांना सल्ले देऊ नका.

मग वैद्यकीय फॉर्म. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फिटस्, चालू असलेली औषधं. सगळ्या प्रश्नांना ‘नाही’वर खूण करत सुटायचा मोह होतो, कारण एक जरी ‘हो’ झालं तर डॉक्टरची सही लागते. ओळखीच्या डॉक्टरकडून ‘फिट’ लिहून घेणं ही आपली जुनी परंपरा आहे. रजेसाठी, विम्यासाठी ती चालू ठेवा. इथे नको.

हा फॉर्म भरण्याआधी आईला फोन करावा, असा आमचा सल्ला आहे.

“आई, मी स्कुबा शिकतोय.”

“म्हणजे काय रे ते?”

“सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं.”

“कुणी सांगितलंय?”

“कुणी सांगायला कशाला हवं? हौस.”

“सर्दीचा कोठा आहे तुझा. सातवीत विहिरीवर गेलास तर चार दिवस कान धरून बसला होतास. डॉक्टरांनी कानात थेंब घालायला दिले होते, तेही सांडलेस.”

छापील फॉर्मला ज्यासाठी दोन पानं लागतात ते काम एका फोनमध्ये झालं. कानाचं पुढे येतंच आहे. आईचं म्हणणं टिपून ठेवा.

खरेदी

ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात तो भाग हा. पोहायला शिकायला महिने लागतात, फिन्स मागवायला दोन मिनिटं. त्यामुळे पोहता येत नसलेल्या पण फिन्स असलेल्या माणसांची या शहरात कमतरता नाही.

नियम एकच आहे आणि तो पाळवत नाही: कोर्सच्या आधी फक्त मास्क घ्या. बाकीचं सामान कोर्सच्या फीमध्ये वापरायला मिळतं. ते दहा जणांनी वापरलेलं असतं हे खरं. पण हॉटेलातल्या ताटावर आपण जेवतोच.

मास्क का? कारण चेहरा तुमचा असतो. आणि इथे पहिली चूक पोहण्याचे गॉगल घेण्याची. घरात मुलाचे पडलेले असतात, म्हणून तेच उचलले जातात. गॉगल फक्त डोळे झाकतात. खाली जाऊ तसा पाण्याचा दाब वाढतो, गॉगलच्या आतली हवा आकसते आणि गॉगल डोळ्यांना ओढू लागतो. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाकही आत असतं, म्हणून नाकाने हलकेच हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. काच टेंपर्ड आहे का, हेही बघून घ्या. ते काचेवरच लिहिलेलं असतं.

दुकानात काय करायचं ते नीट ऐका. मास्कचा पट्टा मागे टाका, डोक्यावर चढवू नका. केस कपाळावरून बाजूला करा. मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, नाकाने थोडा श्वास आत ओढा आणि हात सोडून द्या. खाली वाका. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडू लागला तर पुढचा. पट्टा कितीही आवळला तरी न बसणारा मास्क बसत नाही, उलट जास्त गळतो. दुकानदार म्हणेल, “सार, टॉप मॉडेल आहे, सगळे हेच नेतात.” नेत असतील. त्यांना त्यांचे चेहरे आहेत.

मिशी असेल तर नाकाखालच्या पट्टीतून पाणी झिरपणार. भरघोस मिशीवाल्यांनी त्या पट्टीतली थोडी कापावी किंवा झिरपणं मान्य करावं. मास्कमध्ये आलेलं पाणी बाहेर काढायचं कोर्समध्ये शिकवतातच: वरची कड दाबून धरायची, वर बघायचं, नाकाने फुंकायचं. चष्मेवाल्यांसाठी नंबरच्या काचा बसवून मिळतात. पाण्याखाली सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं म्हणून थोडा नंबर असलेले काहीजण साध्या काचेवर भागवतात. सहा फुटी मासा पाहिल्याची जी कहाणी तुम्ही ऐकली आहे, ती साडेचार फुटांवर आणून ऐका.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो. तो टूथपेस्टने चोळून काढावा लागतो, बोटाने, दोन्ही बाजूंनी, एकदा नाही तर चार-पाचदा. नाहीतर बुडी मारल्यावर समुद्र धुक्यात दिसतो. त्यानंतर प्रत्येक बुडीआधी काचेला आतून थुंकी लावून विसळायचं. हे घरी सांगू नका. फवारे विकत मिळतात, आणि अनुभवी माणसं ते विकत घेऊन शेवटी थुंकतात.

फिन्स कोर्सनंतर. आपल्या गरम समुद्रात नावेवरून उडी मारायची असेल तर पूर्ण पाऊल झाकणाऱ्या फिन्स पुरतात. टाच उघडी असलेल्या घेतल्या तर आत घालायला वेगळे बूटही घ्यावे लागतात, हे दुकानदार पैसे दिल्यावर सांगतो. फिन्स घालून पुढे चालता येत नाही. उलटं, मागे बघत चालायचं. दिवाणखान्यात सराव करायचा असेल तर टीपॉय आधी हलवा.

वेटसूट भाड्याने. आपल्याकडे तीन मिलिमीटरचा चालतो. पाणी कोमट वाटलं तरी अंगातली ऊब ते हवेपेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतं आणि अर्ध्या तासात दात वाजतात, म्हणून तो लागतो. अंगात घालताना जी झटापट होते तिला एक जुना उपाय आहे: पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला, त्यावरून सूट सरकवा, पिशवी काढून दुसऱ्या पायात घाला. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा गावाकडून आलेली एखादी जपून ठेवा. हौसेने सूट विकत घेतलाच तर तो वाळत घालायची जागा विचारपूर्वक निवडा. संध्याकाळच्या उजेडात तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत लोंबणारा काळा वेटसूट पाहून वॉचमन सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहितो, त्याचा खुलासा करण्यात एक आठवडा जातो.

आता बडी मंडळी. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात आणून देणारं यंत्र. बीसीडी, म्हणजे हवा भरली की वर नेणारं आणि काढली की खाली जाऊ देणारं जॅकेट. आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. तिन्ही मिळून आकडा सहज लाखाच्या घरात जातो. जयनगरात राहणाऱ्याने यांतलं काय घ्यावं? आमचं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं काहीच नाही. रेग्युलेटरची वेळोवेळी सर्व्हिसिंग करावी लागते, वापरला नाही तरी. त्यातली रबरं माळ्यावर बसून सुकतात. घरातून एक प्रश्न येईल: “वर्षातून किती वेळा लागणार आहे हे?” हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला जात असला तरी खरेदीचा याहून चांगला निकष कुठल्याही कॅटलॉगमध्ये छापलेला नाही. उत्तर ‘तीन-चारदा’ असेल तर भाड्याने घ्या. फारच हात शिवशिवले तर कॉम्प्युटर घ्या. किती खोल, किती वेळ आणि आता किती वेगाने वर येताय, हे तो सांगतो आणि सुटकेसमध्ये मावतो.

सुरी घेऊ नका. मांडीला बांधलेली सुरी फोटोत शोभते हे मान्य. पण तुमच्या अंगावर शार्क येणार नाही; आलंच काही तर मासेमारीचं तुटकं जाळं येईल, आणि ते कापायला बोटभर लांबीचं कटर पुरतं. कॅमेराही आत्ता नको. ज्याला अजून एका जागी तरंगता येत नाही तो कॅमेऱ्यात बघत बघत प्रवाळावर गुडघे टेकतो. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे आणि त्याला वाढायला फार वर्षं लागतात.

हवा

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो. घरातले, शेजारचे आणि तुम्ही स्वतः कितीही वेळा ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणालात तरी त्यात साधी हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली उलट घातक ठरतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये साधारण ११ लिटरची जागा असते. २०० बार दाबाने भरला की त्यात सुमारे २२०० लिटर हवा मावते.

ही हवा सतत वाहत नाही. श्वास घ्याल तेव्हाच मिळते. तशी झडप फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान या दोघांनी पाण्यात चालवून दाखवली. गान्यान इंजिनिअर होता. युद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून त्याने एक झडप तयार केली होती, तीच सुधारून पाण्याखाली गेली. एलपीजीवर चालणाऱ्या रिक्षातून साऊथ एंड सर्कलला जाताना हे आठवायला हरकत नाही. रिक्षा मात्र मागाल तेव्हा येत नाही.

आता मध्यमवर्गीय मनाची परीक्षा. ‘एवढीच हवा आहे, जपून वापरा’ असं ऐकलं की आपण काय करतो? श्वास धरून ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण असंच वागत आलो आहोत: आहे ते पुरवून वापरायचं. डायव्हिंगमध्ये सगळ्यात पहिला आणि सगळ्यात मोठा नियम नेमका याच्या उलट आहे. श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती तशीच धरून वर आलात, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसं काही दुप्पट होत नाहीत. ती फाटू शकतात. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. भरल्या छातीने मीटर-दीड मीटर वर येणंही पुरतं. म्हणजे शिकायच्या तलावातसुद्धा हा नियम मोडता येत नाही.

मग हवा वाचवायची कशी? हातपाय कमी हलवून. नवा माणूस पाण्याखाली जिन्यावरून उतरल्यासारखे पाय मारतो, दोन्ही हातांनी पाणी ढकलतो, दर दहा सेकंदांनी मागे वळून पाहतो, आणि अर्ध्या तासात काटा लाल पट्टीकडे नेतो. शिकवणारा तेवढाच वेळ खाली राहून निम्मी हवा घेऊन वर येतो. त्याची छाती तुमच्याहून मोठी नसते. त्याला घाई नसते. लांब श्वास आत, त्याहून लांब बाहेर. बंगळुरातल्या ट्रॅफिकमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे जमायला हवं, पण गंमत अशी की त्यालाच सगळ्यात उशिरा जमतं.

नावेवर परत येताना सिलिंडरमध्ये ५० बार शिल्लक असले पाहिजेत. ‘पैसे भरलेत तर संपवूनच जाऊ’ ही वृत्ती बुफेसाठी राखून ठेवा.

कान

शिराडी घाट उतरताना कानात दडे बसतात ते सगळ्यांना माहीत आहे. आवंढा गिळला की सुटतात. त्या घाटाचा आणि समुद्राचा हिशेब एकदा मांडून बघा. जयनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी असतो. म्हणजे रात्रभर बसमध्ये बसून मंगळूरला पोचेपर्यंत कानाच्या पडद्यावर जेवढा फरक पडतो, तेवढाच समुद्रात पहिल्या एका मीटरमध्ये पडतो. अख्खा घाट, हासन, सकलेशपूर, चहाच्या थांब्यासकट, गळ्याएवढ्या पाण्यात.

म्हणून कान दुखायच्या आधी मोकळे करायचे. नाक चिमटीत धरा, तोंड बंद, आणि नाकातून हळूच फुंका. दर मीटरला. या युक्तीला इटलीच्या व्हालसाल्वाचं नाव आहे. त्याने कानावरचा ग्रंथ १७०४ साली लिहिला. जोर लावायचा नाही. नाही सुटला कान तर अर्धा मीटर वर या, परत करा. तरीही नाही सुटला तर त्या दिवशी नावेवर बसा आणि इतरांच्या चपला सांभाळा. सर्दी झाली असताना गोळी खाऊन खाली जायची हुशारी करू नये. गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतो, आणि वर तर यावंच लागतं. सातवीतला विहिरीचा प्रसंग आईने उगाच सांगितलेला नव्हता.

खुणा

पाण्याखाली बोलता येत नाही. काही जोडप्यांनी याच कारणासाठी हा छंद धरला आहे. खुणा मोजक्या असतात आणि त्यातली एक आपल्या अंगवळणी पडलेल्या खुणेच्या बरोबर उलट निघते. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे. अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय, डाइव्ह संपवा’. शिकवणारा समोर येऊन विचारतो, सगळं ठीक? तुम्ही कासव पाहिल्याच्या आनंदात दोन्ही अंगठे वर करता, आणि तो नियमाप्रमाणे तुम्हाला घेऊन वर निघतो. बरोबरच्या माणसालाही यावं लागतं. त्याला कासव दिसलेलंच नसतं. वर नावेवर तो तुमच्याशी बोलत नाही.

‘ठीक आहे’ म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. तळवा खाली करून डावी-उजवीकडे हलवला म्हणजे ‘काहीतरी गडबड आहे’. मग ज्या गोष्टीची गडबड आहे तिच्याकडे बोट. बंगळुरी पद्धतीने मान डोलवू नका. ती होकार की नकार हे जमिनीवरच कळत नाही.

कुठे जावं

मराठी माणसाला पहिल्यांदा तारकर्लीच आठवणार आणि ते योग्यच आहे. तिथे एमटीडीसीची ‘इसदा’ ही डायव्हिंग शिकवणारी संस्था २०१५ पासून आहे, सरावासाठी तिचा स्वतःचा खोल तलाव आहे, आणि पाण्यात उतरण्याआधीच्या सूचना मालवणी हेलात ऐकायला मिळतात, हे काही कमी नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. समोर १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. पाणी मात्र लहरी: कधी लांबवर स्वच्छ, कधी पुढच्याच्या फिन्सही दिसत नाहीत. जयनगरहून अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. सुरमईची थाळी आणि सोलकढी बुडी मारून आल्यावर. आधी खाल्लीत तर नावेवरच तिची परत भेट होते.

सिंधुदुर्गात आणखी एक प्रकरण शिजतंय. नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज निवतीजवळ पाण्याखाली बसवून पर्यटकांना दाखवायचा सरकारचा प्रकल्प आहे. बुडाला की यशस्वी म्हणायचा असा सरकारी प्रकल्प बहुधा हा पहिलाच.

बंगळूरकरांना त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे मुरुडेश्वर. रात्रीची बस, सकाळी शंकराची अवाढव्य मूर्ती, आणि तिथून नावेने दीडेक तासावर, सुमारे १९ किलोमीटर आत, नेत्राणी बेट. पूर्वी नौदल या बेटावर नेमबाजीचा सराव करत असे. मासे मात्र टिकून आहेत. मालवण काय, नेत्राणी काय, पावसाळ्यात सगळं बंद.

आणि कुणी नावेवर बसल्याबसल्या कान्होजी आंग्र्यांचं नाव काढून आंग्रिया बँकेवर जायची भाषा सुरू करेल. आंग्र्यांच्याच नावाचं हे बुडालेलं पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर भर समुद्रात आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर. कोर्स संपल्यावर मिळणाऱ्या तुमच्या नव्या कार्डाची कमाल खोली १८ मीटर. विषय बदला.

परतीचा प्रवास

हे प्रकरण कुठल्याही पुस्तकात विमानाच्या संदर्भात दिलेलं असतं, आणि म्हणून जयनगरकर ते वाचत नाहीत. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. वेळ न देता कमी दाबाच्या जागी गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. सांध्यांत झाले तर दुखतं, पाठीच्या कण्यात झाले तर पाय जातात. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही.

‘आम्ही तर बसने जातो’ म्हणून निश्चिंत होऊ नका. हीच वेळापत्रकं साधारण ६०० मीटरच्या वरच्या सगळ्या उंचीला लागू आहेत, मग तिथे विमानाने जा की टेंपोने. आंबोली सुमारे ६९० मीटर. बेळगाव साडेसातशेच्या आसपास. जयनगर ९२०. शरीराच्या दृष्टीने घरी जाणं हेच तुमचं विमान. मुंबईचा माणूस रविवारी दुपारी वर येऊन संध्याकाळी कोकणातून घरी जाऊ शकतो. गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने न्यावी लागेल एवढंच. तुम्हाला घाट चढावाच लागतो.

हिशेब असा. रविवारी दुपारी बारा वाजता शेवटची बुडी संपली तर सोमवारी सकाळी सहापर्यंत खालीच थांबायचं. रात्री आठची बस अकराच्या सुमारास घाटात असते, ती सोडायची. शहाणा माणूस शुक्रवारी रजा टाकतो, शुक्रवार-शनिवार बुड्या मारतो आणि रविवार वाळूत लोळून काढतो. पण शुक्रवारी तुमची रिव्ह्यू मीटिंग असणार. तेव्हा सोमवारच्या रजेचा नमुना देत आहोत. मॅनेजरला मराठी येत नसेल तर इंग्रजी करून पाठवावा.

“महोदय, शनिवारी आणि रविवारी मी एकूण चार वेळा समुद्राखाली होतो. माझ्या शरीरात या क्षणी नेहमीपेक्षा जास्त नायट्रोजन आहे. आपलं ऑफिस समुद्रसपाटीपासून ९२० मीटर उंचीवर असल्यामुळे उद्या सकाळी तिथे हजर होणं माझ्या पाठीच्या कण्याला परवडणारं नाही. तरी सोमवारची एक दिवसाची रजा मंजूर करावी. मंगळवारी सकाळी साडेनऊला जागेवर असेन.”

याखाली ‘गरज पडल्यास वर्क फ्रॉम होम करू शकेन’ असं सौजन्य म्हणून लिहू नका. ताबडतोब मंजूर होतं, आणि मग मुरुडेश्वरच्या लॉजवर लॅपटॉपला चार्जर शोधत फिरावं लागतं. लॅपटॉप सोबत आणलेला नाही, हे अर्जातच स्पष्ट लिहावं.